नडगीचे हाड कापले की गुडघ्यातला दाब कुठे जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८, वजन ७० किलो, माध्यमिक शाळेत शिक्षिका, दिवसातले पाच-सहा तास उभ्याने काम. उजव्या गुडघ्याची आतील बाजू चार वर्षांपासून दुखते आणि पाय धनुष्यासारखा बाहेर बाकला आहे. स्कॅनोग्राममध्ये, म्हणजे उभे राहून काढलेल्या संपूर्ण पायाच्या एक्स-रेमध्ये, भाररेषा, म्हणजे खुब्यापासून घोट्यापर्यंत ओढलेली सरळ रेषा, गुडघ्याच्या आतील कडेपासून २० टक्क्यांवर दिसते. डॉक्टरांनी वाटी बदलण्याऐवजी नडगीचे हाड गुडघ्याखाली कापून, ८ अंशांनी वळवून प्लेट बसवण्याचा सल्ला दिला आहे. खालचे हाड कापल्याने वरच्या सांध्यातला दाब कमी कसा होणार, तो दाब बाहेरच्या बाजूला जाऊन तीही झिजणार नाही का, आणि नात्यातील एकाने सुचवलेली 'फक्त बारीक हाड कापण्याची' छोटी शस्त्रक्रिया पुरणार नाही का, अशा तीन शंका आपण विचारल्या आहेत.

पहिल्या शंकेतील 'कमी' हा शब्दच आधी तपासायला हवा. गुडघ्यातून जाणारा एकूण भार या शस्त्रक्रियेने फारसा बदलत नाही. आपले वजन तेच राहते आणि चालताना स्नायू सांधा आवळून धरतात तो जोरही जवळजवळ तेवढाच राहतो. बर्लिनमध्ये काही रुग्णांना भार मोजणारी यंत्रणा बसवलेले कृत्रिम गुडघे लावून मोजणी करण्यात आली. तीत सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना सुमारे साडेतीन पट भार आढळला. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर चालताना प्रत्येक पावलाला पावणेदोनशे किलोंच्या आसपास भार पडतो. हाड कापून हा आकडा खाली येत नाही; बदलते ती त्याची आतील आणि बाहेरील बाजूंमधली वाटणी.

ही वाटणी मुळातच समान नसते. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेषा ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्यबिंदूच्या काही मिलिमीटर आतून जाते. चालताना एक पाय उचलला जातो तेव्हा शरीराचे वजन टेकलेल्या पायाच्या आतल्या अंगाला असते, त्यामुळे जमिनीकडून वर येणारा जोर गुडघ्याच्या आतल्या बाजूने जातो आणि प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर बाकवू पाहतो. म्हणूनच निरोगी गुडघ्यातही एका पायावर उभे असताना सुमारे ७० टक्के भार आतील बाजूच उचलते. पाय चार ते सहा अंशांनी बाकला की हा वाटा ९० टक्क्यांच्या आसपास जातो. मग कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजते, त्या बाजूची उंची घटते, उंची घटल्याने बाक वाढतो आणि वाढलेल्या बाकाने भार आणखी आत सरकतो. बैलगाडीत पोती एकाच अंगाला रचली तर त्या चाकाची धाव आधी झिजते. इथे तर झिजलेल्या चाकाकडेच पुढची पोतीही घरंगळत राहतात.

आता खालचे हाड कापून हे चक्र कसे मोडते ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड या दोन लांब काठ्या असून गुडघा त्यांच्या मधला सांधा आहे. सांध्याच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर नडगी तिरपी कापायची, बाहेरच्या बाजूचे सुमारे एक सेंटिमीटर हाड बिजागरीसारखे अखंड ठेवायचे आणि आतल्या बाजूला पाचरीच्या आकाराची फट उघडायची, की घोटा खुब्याच्या तुलनेत बाहेर सरकतो आणि खुबा-घोटा जोडणारी रेषा गुडघ्यावर बाहेरच्या दिशेने येते. सांध्याला हातही न लावता त्याच्यावरील भाराची जागा बदलते. काठ्या लांब असल्याने लहान कोनाचाही मोठा परिणाम होतो. आपल्या उंचीच्या स्त्रीमध्ये खुब्यापासून गुडघ्यापर्यंत सुमारे ४० आणि तिथून घोट्यापर्यंत सुमारे ३४ सेंटिमीटर अंतर धरले, तर प्रत्येक अंशामागे रेषा साधारण ३.२ मिलिमीटर सरकते. गुडघ्याची रुंदी ७० मिलिमीटर धरल्यास २० टक्क्यांवरची रेषा ५५ टक्क्यांवर नेण्यासाठी साडेचोवीस मिलिमीटर सरकवावी लागेल, म्हणजे पावणेआठ अंश. डॉक्टरांनी सांगितलेले ८ अंश असे आले असावेत आणि ते हिशेबाला धरून आहेत.

फटीची उंची मात्र अंशांइतकी नसते. 'एक अंश म्हणजे एक मिलिमीटर' हा जुना ठोकताळा हाडाची रुंदी ५७ मिलिमीटर असेल तेव्हाच खरा ठरतो. कापाच्या पातळीवर हाड ६० मिलिमीटर रुंद असेल तर ८ अंशांसाठी जवळपास साडेआठ मिलिमीटर फट उघडावी लागते. हा फरक किरकोळ वाटेल, पण धिप्पाड पुरुषाच्या रुंद हाडात ठोकताळ्यावर विसंबल्याने दोन-दोन अंशांची दुरुस्ती कमी पडलेली मी पाहिली आहे.

रेषा नेमकी कुठे न्यावी यावर सहा दशके चर्चा चालू आहे. ब्रिटनमधील जॅक्सन आणि वॉ यांनी १९६१ साली या शस्त्रक्रियेचा अनुभव प्रसिद्ध केला, त्यानंतर अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्री यांनी बाहेरून पाचर काढून फट मिटवण्याची पद्धत रुळवली. जपानच्या फुजिसावा यांनी १९७९ मध्ये दुर्बिणीतून कूर्चेची स्थिती पाहून रेषा मध्यापासून बाहेर, बाहेरील अर्ध्या भागाच्या ३० ते ४० टक्क्यांवर असावी असे मांडले. त्यातूनच आतील कडेपासून सुमारे ६२ टक्क्यांचा बिंदू पुढे प्रमाण मानला गेला. आज मी प्रत्येकाला ६२ टक्क्यांवर नेत नाही. आतील कूर्चा पूर्ण संपलेली असेल तर तिथवर जावे; थोडी शिल्लक असेल तर ५० ते ५५ टक्के पुरतात. त्यापलीकडे नेल्यास पाय दिसायलाही उलट बाजूला वळलेला दिसतो, आणि त्याबद्दल नाराज झालेले रुग्ण दुखण्याबद्दल नाराज असलेल्यांपेक्षा कमी नसतात.

आपली दुसरी शंका अगदी योग्य जागी बोट ठेवणारी आहे. तिचे उत्तर देण्यासाठी भार आणि दाब यांत फरक करावा लागेल. दाब म्हणजे भार भागिले तो ज्यावर टेकतो ते क्षेत्रफळ. गुडघ्यात हे क्षेत्रफळ वाढवण्याचे काम मेनिस्कस करतात. लोक ज्यांना 'गादी' म्हणतात त्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या. मेनिस्कस पूर्ण काढून टाकल्यास तेवढ्याच भाराखाली दाबाचा उच्चांक दुपटीहून अधिक होऊ शकतो, असे प्रयोगशाळेतील मोजणी सांगते. त्यातही नडगीचा आतला पृष्ठभाग किंचित खोलगट असल्याने मांडीच्या हाडाचा गोल भाग त्यात बसतो, तर बाहेरचा पृष्ठभाग काहीसा फुगीर असल्याने तिथे हाडाची बैठक मुळातच कमी जमते आणि जवळजवळ सगळी भिस्त बाहेरच्या मेनिस्कसवर राहते. म्हणून बाहेरची गादी आणि कूर्चा शाबूत असतील तर ती बाजू वाढीव भार सहज पेलते, कारण तोवर ती तिच्या कुवतीच्या मानाने फार कमी काम करत होती. दुरुस्तीनंतरही चालताना आतील बाजू मोकळी पडत नाही. ती बराच भार उचलतच राहते, फक्त तो सोसण्याजोगा होतो. शस्त्रक्रियेनंतर वर्षा-दोन वर्षांनी दुर्बीण घातली तेव्हा उघड्या पडलेल्या आतील हाडावर तंतुमय कूर्चेचा नवा थर आलेला अनेक शल्यचिकित्सकांना आढळला आहे. याउलट, बाहेरची गादी पूर्वी काढलेली किंवा फाटलेली असेल, तर हीच शस्त्रक्रिया त्या बाजूला वर्षा-दोन वर्षांत खराब करू शकते. आपण पाठवलेल्या कागदांत एमआरआय नाही. आपल्या बाबतीत तो करणे ही माझी पहिली सूचना आहे.

इथवरचा सगळा विचार रेषेचा आणि हाडांचा झाला. परंतु एक्स-रेवरील रेषा म्हणजे सांध्यातला दाब नव्हे, हे मला सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाने शिकवले. त्यांची फट मापात उघडली होती, रेषा ठरल्या जागी आली होती, हाडही वेळेत जुळले, आणि तरीही सहा महिन्यांनी ते आतील बाजूच्या त्याच ठिकाणी बोट ठेवून 'डॉक्टर, इथं तसंच आहे' असे म्हणत होते. चूक माझी होती. नडगीच्या आतल्या अंगाने एक रुंद लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, मांडीच्या हाडापासून येऊन कापाच्या खाली चिकटलेले असते. कापाच्या जागी फट उघडली की ते दोरीसारखे ताणले जाते आणि सांध्याची आतील बाजू उलट आवळून धरते. २००७ साली जर्मन संशोधकांच्या गटाने मृतदेहातील गुडघ्यांवर १००० न्यूटन, म्हणजे सुमारे शंभर किलोंइतका, भार देऊन कूर्चेवरचा दाब मोजला, तेव्हा हे लिगामेंट न सोडवता फट उघडल्यास रेषा बाहेर गेल्यानंतरही आतील दाब चढाच राहतो आणि त्याचे खालचे तंतू पूर्ण सोडवल्यावरच तो उतरतो, असे दिसले. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो रुग्णच उभा राहिला. तेव्हापासून खालचे तंतू पुरेसे सोडवल्याची खात्री बोटाने चाचपून केल्याखेरीज मी फट उघडत नाही. बाहेरून पाचर काढून फट मिटवण्याच्या पद्धतीत हा ताण येत नाही. तिथे मात्र फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचे बारीक हाड, आड येत असल्याने ते कापावे किंवा त्याचा वरचा सांधा सैल करावा लागतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला जपावे लागते.

पाय समोरून पाहताना जो कोन दिसतो तो एकच कोन नसतो. नडगीचा वरचा पृष्ठभाग बाजूने पाहिल्यास मागच्या दिशेने उतरता असतो, बहुतेकांत ७ ते १० अंशांच्या आसपास. फट पुढे आणि मागे सारखीच उघडली तर हा उतार नकळत वाढतो, कारण नडगीचे हाड त्रिकोणी असून पुढे निमुळते होते. म्हणून पुढची फट मागच्या फटीच्या जवळपास निम्मी ठेवावी लागते. उतार वाढला की उभे राहताना नडगी पुढे घसरू पाहते, पुढच्या क्रूसबंधावर, म्हणजे गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदून जाणाऱ्या दोन लिगामेंटांपैकी पुढच्यावर (एसीएल), ताण येतो आणि कूर्चेवरील दाबाची जागाही पुढे सरकते. मागचा क्रूसबंध तुटलेल्या तरुणात हाच बदल मुद्दाम घडवून आणतात, तर पुढचा तुटलेला असेल तर उतार वाढू न देण्याची किंवा कमी करण्याची दक्षता घ्यावी लागते. आपल्या वयात आणि आपल्या तक्रारीत उतार आहे तेवढाच राखणे एवढेच साध्य करायचे आहे.

आपल्याकडे अधिक बोलले जावे असे मला वाटते ते पुढच्या वाटीबद्दल, खऱ्या वाटीबद्दल. गुडघा बदलण्याला लोक 'वाटी बदलणे' म्हणतात, पण त्या शस्त्रक्रियेत मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांचे पृष्ठभाग बदलले जातात, वाटी बहुधा तशीच असते. ही वाटी ज्या कंडरेने नडगीच्या पुढच्या उंचवट्याला जोडलेली असते, तो उंचवटा कापाच्या खाली राहिला तर फट उघडताच तो खाली ओढला जातो आणि त्यासोबत वाटीही सांध्याच्या तुलनेत खाली येते. खाली आलेली वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. जिना चढताना, खुर्चीवरून उठताना, उकिडवे बसताना हा दाब मुळातच जास्त असतो आणि जमिनीवर बसण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत त्याची जाणीव लवकर होते. साडेआठ मिलिमीटरच्या फटीने बहुतेकांना त्रास होत नाही. फट १० ते १२ मिलिमीटरच्या पुढे जाणार असेल, किंवा वाटीखाली आधीच झीज असेल, तर कापाची दिशा बदलून तो उंचवटा वरच्या तुकड्यासोबत ठेवणे मला श्रेयस्कर वाटते. मांडी घालून बसता येईल का, असे प्रत्येक रुग्ण विचारतो. स्वतःचा सांधा शाबूत राहत असल्याने बहुतेकांना ते जमते आणि गुडघा बदलण्याच्या तुलनेत हा या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा आहे. तासन्‌तास वज्रासनात बसण्याची शिफारस मात्र मी करत नाही.

बाक नेमका कोणत्या हाडात आहे हेही पाहावे लागते. तो मांडीच्या हाडात असताना संपूर्ण दुरुस्ती नडगीतच केली, तर रेषा कागदावर बरोबर येते, पण सांध्याची पातळी जमिनीशी तिरपी होते. ही तिरप ५ अंशांच्या पुढे गेली की कूर्चेवर सरळ दाबाऐवजी घसरता, कातरणारा ताण येतो, आणि कूर्चा दाब जितका सोसते तितका हा ताण सोसत नाही. अशा वेळी दोन्ही हाडांत थोडी थोडी दुरुस्ती विभागून करणे योग्य ठरते.

तिसरी शंका बारीक हाडाची. फिब्युलाच्या वरच्या टोकापासून ६ ते १० सेंटिमीटर खाली सुमारे दोन सेंटिमीटरचा तुकडा काढण्याची ही पद्धत गेल्या दशकात चीनमधून पुढे आली आणि लहान छेद, प्लेट नाही, दुसऱ्या दिवशी चालणे या कारणांनी आपल्याकडेही लवकर पसरली. नडगीच्या बाहेरच्या बाजूला फिब्युलाचा टेकू असल्याने ती बाजू खचत नाही आणि आतली खचते, म्हणून टेकू काढला की दोन्ही बाजू सारख्या होतील, अशी तिची मांडणी आहे. काहींना पहिले काही महिने आराम पडतो, हे मी नाकारत नाही. परंतु तिने पायाची रेषा बदलते ती अत्यल्प, आणि आपल्याला ती जवळपास २५ मिलिमीटर सरकवायची आहे. शिवाय या जागेजवळून पायाचा अंगठा वर उचलणाऱ्या स्नायूची नस जाते आणि तिला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आपल्यासारख्या सहा-सात अंशांच्या बाकात मी ही शस्त्रक्रिया सुचवणार नाही.

'दाब' या शब्दाचा आणखी एक अर्थ सांगून ठेवतो, कारण रुग्णालयात तोच शब्द वेगळ्या संदर्भात कानावर पडेल. नडगी कापल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत पोटरीच्या स्नायूंच्या बंद कप्प्यांत रक्त किंवा सूज साचून दाब वाढू शकतो. याचा सांध्याशी संबंध नाही, पण वेदनाशामक देऊनही वाढत जाणारे दुखणे, पायाची बोटे दुसऱ्याने हलवली असता पोटरीत उठणारी तीव्र कळ आणि बोटांना येणारा बधिरपणा ही लक्षणे दिसल्यास सकाळच्या राउंडची वाट न पाहता त्याच क्षणी परिचारिकेला सांगावे. त्यात तासांचा हिशेब असतो.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे वॉकरच्या आधाराने मर्यादित भार आणि साधारण सहा आठवड्यांनी एक्स-रे पाहून पूर्ण भार, असा क्रम आजच्या लॉकिंग प्लेटमुळे, म्हणजे स्क्रू जिच्यात घट्ट अडकून बसतात अशा प्लेटमुळे, शक्य होतो. बाहेरची हाडाची बिजागरी तुटली तर मात्र हा क्रम लांबवावा लागतो, कारण फट हलली की दुरुस्तीचा कोन हलतो आणि कोनाबरोबर दाबाची सगळी वाटणीही. वजनाकडेही या काळात लक्ष द्यावे. एकूण भार शस्त्रक्रियेने घटत नाही असे वर म्हटले. तो घटवण्याचा मार्ग वजनाचा आहे. वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो, म्हणजे पाच किलो कमी केल्यास पावलागणिक वीस किलो.

शेवटी ८ या आकड्याबद्दल. आपल्या स्कॅनोग्रामच्या अहवालात सांध्याच्या फटीचा कोन, म्हणजे मांडीच्या आणि नडगीच्या पृष्ठभागांमधला कोन, लिहिलेला नाही. तो २ अंशांपर्यंत असेल तर बाक खरोखर हाडात आहे आणि ८ अंश योग्य आहेत. तो ६ अंश निघाला तर बाकाचा काही भाग बाहेरच्या सैल पडलेल्या लिगामेंटमुळे आहे आणि हाड वळवल्यावर तो आपोआप मिटेल. तेव्हा २ च्या वर जेवढे अंश असतील त्याच्या निम्मे वजा करून ६ अंशांच्या आसपास थांबावे लागेल, अन्यथा रेषा ठरवलेल्या जागेच्या पलीकडे जाईल. हा कोन त्याच एक्स-रेवर पाच मिनिटांत मोजता येतो. तो आणि बाहेरच्या मेनिस्कसचा एमआरआय पाहिल्याशिवाय मी ८ अंशांचा बेत कायम करणार नाही.